आमच्या मंडळाची सूर्यमाला

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. वाशीच्या शाळेत मी दहा-अकरा वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं ओरडण्यात गेली. इथे राहायला आलो तेव्हा रस्ते रुंद होते, सेक्टरला नंबर होते, बिल्डिंगांचा रंग ओला होता. मला वाटलं, नव्या शहरात माणसंही नवीन राहायला येतील. आली ती आपापली लिंबू-मिरची घेऊन आली आणि गॅस यायच्या आधी दाराला बांधून मोकळी झाली. मी येताजाता त्यांची टिंगल करायचो. टिंगल करणारा एक मास्तर प्रत्येक सोसायटीला लागतोच, तसा मी आमच्या सोसायटीला होतो.

शहाऐंशीच्या गणपतीची गोष्ट. दोनेक वर्षांपूर्वी आपला माणूस अंतराळात जाऊन आला होता, तेव्हापासून शाळेतलं प्रत्येक पोर चित्राच्या तासाला रॉकेट काढायचं. आमचं मंडळ मात्र दरवर्षी थर्माकोलचा महाल करायचं. एक वर्षी पांढरा, एक वर्षी सोनेरी, मग परत पांढरा. मिटिंगमध्ये मी उठून म्हटलं, "यंदा सूर्यमाला करा. लोकांना कळू दे आपण कुठे राहतो ते."

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी पाणीपट्टी वाढवा म्हटलंय. पण सेक्रेटरी सरसावून बसले. हे आमचे सेक्रेटरी फोर्टातल्या एका सरकारी ऑफिसात होते. प्रत्येक वाक्याआधी 'शास्त्रीयदृष्ट्या' म्हणायचे आणि उजव्या हाताच्या चार बोटांत चार खड्यांच्या अंगठ्या घालायचे. यंदाच्या देखावा स्पर्धेत 'वैज्ञानिक दृष्टिकोन' असं एक नवीन बक्षीस आहे, हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. "शास्त्रीयदृष्ट्या सरांची कल्पना उत्तम आहे," ते म्हणाले. ठराव पास झाला. मी खूष.

खुषी दुसऱ्या मिटिंगपर्यंत टिकली. मी फळ्यावर आकृती काढली. मध्ये सूर्य, भोवती ग्रह. सेक्रेटरी म्हणाले, "आणि बाप्पा?"

"बाप्पा एका बाजूला, व्यवस्थित मखरात."

"बाजूला? मध्ये सूर्य आणि बाप्पा बाजूला? सर, लोक चपला मारतील."

दोन तास वाद झाला. सूर्य मध्ये असतो हे सिद्ध करण्यासाठी पूर्वी लोकांनी हाल सोसले म्हणतात, मला नुसता चहा सोसावा लागला. शेवटी मीच तोडगा काढला. गणपती मध्ये, आणि सूर्य त्यांच्या डोक्यामागे, प्रभावळीसारखा. सगळ्यांना फार पसंत पडलं. मग सेक्रेटरींनी बोटांवर ग्रह मोजले. त्यांना राहू-केतू सापडेनात. पण युरेनस, नेपच्यून आणि प्लुटो धरून आकडा नऊच भरतोय म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. "नऊ म्हणजे नऊ, मग प्रश्नच नाही."

ग्रह बनवले शेजारच्या शिरवणे गावातल्या एका फिटरने. हा माणूस तिथलाच, आगरी. नव्या शहरासाठी जमिनी गेल्यावर औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात लागलेला. त्याने मडक्यांवर प्लास्टर चढवून नऊ ग्रह केले, शनीच्या कड्याला सायकलची रिम लावली आणि जुन्या पंख्यांच्या मोटरवर सगळे गरगर फिरवून दाखवले. दोन्ही बाजूंना स्टँड, मध्ये लोकांची रांग. बुधापासून सुरुवात, प्लुटोला शेवट, तिथे प्रसाद. प्रत्येक स्टँडवर कोणीतरी उभं राहून माहिती सांगायची. तो मजकूर मी लिहून दिला.

आता एका मुलीची गोष्ट. समोरच्या बिल्डिंगमध्ये देशावरचं एक कुटुंब राहायचं. वडील पोस्टातून रिटायर झालेले, आणि एकच मुलगी. बीएस्सी, एका केमिकल कंपनीच्या ऑफिसात नोकरी, वय सत्तावीस. तिचा आवाज स्वच्छ होता आणि बोलताना ती समोरच्याकडे बघून बोलायची. माझ्या सगळ्या माहिती सांगणाऱ्यांत एवढी एकच पाठ न करता समजून सांगणारी. गर्दी कुठे होणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तिला माईक दिला आणि मंगळावर उभं केलं.

सेक्रेटरी मला कोपऱ्यात घेऊन गेले. "सर, तिला मंगळावर नको. दुसरा कुठलाही द्या."

"का?"

"तिला मंगळ आहे. कडक. चार स्थळं पत्रिका बघून परत गेली. पाचवं तर कांदेपोहे खाऊन गेलं आणि मग पत्रिका मागितली. सगळ्या सेक्टरला माहितीय. लोक हसतील हो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढला. म्हटलं, "अहो, मंगळ हा दगडमातीचा गोळा आहे. त्याची माती गंजलीय म्हणून तो लाल दिसतो. तिथे माणसाने यंत्र उतरवलंय, फोटो काढलेत. आणि तुम्ही त्याच्या नावाने चांगल्या शिकलेल्या मुलीला घरात बसवून ठेवता? लाज वाटली पाहिजे. तीच उभी राहणार आणि मंगळावरच उभी राहणार."

मांडवात कोणीतरी टाळी वाजवली. ती मंडपाच्या खांबाशी उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "चालेल सर. मलाही त्याला एकदा जवळून बघायचंय." मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की घरी जाऊन मी ते भाषण आईला आणि धाकट्या भावाला परत म्हणून दाखवलं.

चतुर्थीला राहुकाळ टळल्यावर सूर्यमालेचं उद्घाटन झालं. अर्ध्या तासात रांग पृथ्वीपाशी अडकली. बायका पुढेच येईनात. पदर डोळ्यांवर, मुलांच्या डोळ्यांवर हात. सेक्रेटरी धापा टाकत आले. "सर, चंद्र झाका. आज चतुर्थी आहे. चंद्र बघितला की चोरीचा आळ येतो."

"अहो, तो टेनिसचा बॉल आहे."

"बॉल असला तरी चंद्रच ना? खाली पाटी तुम्हीच लावलीय."

वर आभाळ गच्च भरलेलं, खरा चंद्र दिसायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे सेक्टरमधल्या सगळ्या आळाची जबाबदारी माझ्या बॉलवर आली होती. मी कपाळाला हात लावला आणि खिशातून रुमाल काढून दिला. फिटरने तो चंद्राला बांधला. त्या दिवशी आमची पृथ्वी एक मुंडासं घातलेला चंद्र घेऊन फिरत होती आणि तिथे उभा असलेला सातवीतला विद्यार्थी प्रत्येकाला सांगत होता, "चंद्र उद्यापासून."

बाकी गर्दी म्हणाल तर तोबा. सारसोळ्यापासून, तुर्भ्यापासून लोक यायला लागले. लोकांना विज्ञान आवडतं, फक्त त्याला नमस्कार करता आला पाहिजे. गुरूच्या स्टँडवर हळदकुंकू, शुक्राला हार. शनिवारी तर शनीच्या मडक्यावर कोणीतरी वाटीभर तेल ओतलं, रुईच्या पानांची माळ सायकलच्या रिममध्ये अडकवली. मी तिथेच थयथयाट सुरू केला. फिटर खाली वाकून मोटर बघत होता. तो म्हणाला, "ओरडू नका, मास्तर. बेरिंग कोरडा परला होता, काल रातीपासना कुईकुई करत होता. तेल घातला तं बराच झाला." शनी खरंच त्या दिवसापासून सगळ्यांत छान फिरायला लागला. हे मी कोणाला सांगितलं नाही.

आणि मंगळापाशी ती. रोज ऑफिसातून सुटली की साडी बदलून सात वाजता हजर. लोक येताना जरा बिचकत यायचे, कारण खरोखरच सगळ्यांना माहीत होतं. ती हसून सुरुवात करायची. तिथे किती थंडी आहे, हवा किती विरळ, त्याला दोन छोटे चंद्र आहेत आणि त्यांच्यावर कसलाही आळ नाही. लोक हसायचे, थांबायचे, पुढे सरकायला सांगावं लागायचं. मी अकरा वर्षं वर्गात जे करू शकलो नाही ते ही मुलगी तीन मिनिटांत करायची. मला तिचं कौतुक वाटायचं, अगदी मनापासून, आणि ते मी चारचौघांत बोलून दाखवायचो.

माझा धाकटा भाऊ न्हावा शेवाला बंदराचं बांधकाम चालू होतं तिथे ज्युनियर इंजिनियर होता. आमचे वडील लवकर गेले, त्यामुळे त्याचं शिक्षण, नोकरी सगळं माझ्या हातून झालं. साइटवरून दमून आला की तो जेवून आडवा व्हायचा. त्या गणपतीत मात्र रोज मांडवात. तिसऱ्या दिवशी मंगळाचा दिवा गेला, तो याने बसवला. चौथ्या दिवशी परत गेला. पाचव्या दिवशी फिटर मला म्हणाला, "मास्तर, त्या दिव्याला काय बी झालेला नाय. तुमचा भाऊच वायर काढतो नि परत लावतो."

त्याच दिवशी भाऊ माझ्याशी बोलला. लाजत, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत. मग म्हणाला, "दादा, तू आईशी बोल ना. तू आहेस म्हणून मला काही टेन्शन नाही."

तिच्या घरीही बोलणं झालं असावं. कारण सातव्या दिवशी सकाळी तिचे वडील आमच्याकडे आले. इस्त्रीचा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा, बाकी काही नाही. चहा घेताना ते म्हणाले, "खरं सांगू का, मी पत्रिका आणणार होतो. मुलगीच म्हणाली, बाबा, ते सरांचं घर आहे, तिथे पत्रिका मागणार नाहीत. पाच वेळा झालं हो हे. आता अजून एकदा नकार आला तर ती परत कोणापुढे बसणार नाही म्हणते." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "काळजी करू नका."

ते गेल्यावर आई आणि मी दोघंच बसलो. मला वाटलं होतं, आता खडाजंगी होणार. मी मुद्दे तयार ठेवले होते, मंगळाचं अंतर, व्यास, सगळं. पण आई वाद घालायला तयारच नव्हती. ती म्हणाली, "पोरगी मला आवडलीय. मंगळाचं मला कळलंय. पण मला त्यातलं काय समजतं? तुझे बाबा असते तर त्यांनी ठरवलं असतं. आता तू मोठा. तू म्हणशील, काही होत नाही, तर काही होत नाही. तू सांग."

बस, एवढंच म्हणायचं होतं. काही होत नाही. तीन शब्द. मांडवात मी ते रोज शंभर वेळा म्हणत होतो.

मला आठवतंय, मी खिडकीतून बाहेर बघितलं. पाऊस चालू होता. भाऊ त्या वेळी साइटवर होता. तिथे क्रेन होत्या, ओल्या फळ्या होत्या, खाडीतून लाँचने जावं लागायचं. आदल्याच महिन्यात त्याच्याबरोबरचा एक जण पाय घसरून पडला होता आणि थोडक्यात वाचला होता. मंगळ असलेल्या बायकोचा नवरा जातो, असं म्हणतात. म्हणतात, बरं का. माझा यावर काडीचाही विश्वास नव्हता. पण समजा. समजा, उद्या काही झालं, तर आई कोणाकडे बघेल? ती मंगळाकडे बघणार नाही. ती माझ्याकडे बघेल.

मी म्हटलं, "पत्रिका एकदा बघून घ्यायला काय हरकत आहे?"

आईने माझ्याकडे चमकून बघितलं. तिने पत्रिकेचा विषयही काढला नव्हता. "बघायची म्हणतोस?" तिने विचारलं.

"तुझ्या समाधानासाठी," मी म्हटलं. इतक्या सफाईने मी आयुष्यात कधी खोटं बोललो नसेन.

निरोप पाठवायला मला सेक्रेटरीच सापडले. त्यांनी एक शब्दही टोमणा मारला नाही, उलट फार समजूतदारपणे मान हलवली, ते जास्त लागलं. तिच्या वडिलांनी पत्रिका पाकिटात घालून पाठवून दिली. ठाण्याच्या एका ज्योतिषांनी ती उघडून पाच मिनिटांत सांगितलं, आठव्या स्थानी मंगळ, जमणार नाही. मी हो म्हटलं, पाकीट परत बंद केलं, आणि नवव्या दिवशी 'योग दिसत नाही' असं त्यावर लिहून परत पाठवलं. हस्ताक्षर माझं. शाळेत माझ्या हस्ताक्षराला नावाजायचे.

भावाला रात्रीच्या जेवणाला कळलं. त्याने विचारलं, "पत्रिका कोणी मागितली?" आई ताटाकडे बघत राहिली. मी आमटी वाढून घेतली. त्याला समजलं. तो उठून हात धुऊन आला, कपड्यांची पिशवी भरली आणि साइटवरच्या खोलीत राहायला गेला. त्यापलीकडे त्याने काही केलं नाही. शेवटी माझाच भाऊ तो, दम कुठून येणार.

दहाव्या दिवशी दुपारी निकाल आला. 'वैज्ञानिक दृष्टिकोन', पहिलं बक्षीस, आमचं मंडळ. सेक्रेटरींनी चारही अंगठ्यांच्या हाताने माझ्या गळ्यात हार घातला. फोटो आहे त्याचा. मला वाटलं, आज ती काही येणार नाही, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. मंगळावर मीच उभा राहायचं ठरवलं.

सात वाजता ती आली. नेहमीसारखी, साडी बदलून. मला म्हणाली, "अभिनंदन सर." आणि माझ्या हातातून माईक घेतला. मला बाजूला व्हायला जागाही नव्हती, रांग खच्चून भरलेली. शेवटचा दिवस म्हणून अख्खा सेक्टर लोटला होता. रांगेत माझी आईही होती. दहा दिवसांत देखावा बघायला ती पहिल्यांदाच आली होती.

मुलगी माईकवर बोलत होती. थंडी, विरळ हवा, गंजलेली माती. एकही शब्द चुकली नाही. रांगेत सारसोळ्याच्या दोन म्हाताऱ्या कोळणी होत्या. त्यातली एक सगळं नीट ऐकून घेऊन म्हणाली, "बाय, ते समदा बरोबर हाय. पन या मंगलानं मानसाला व्हतं काय, ते सांग ना."

ती एकदम उत्तर देईल असं मला वाटलं. तिने माईक माझ्यापुढे धरला. "हे सर सांगतील," ती म्हणाली. "याच्यातलं सर जास्त जाणतात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या गळ्यात अजून हार होता. मी माईक घेतला आणि बोलायला सुरुवात केली. शास्त्रीयदृष्ट्या बघायचं झालं तर, मी म्हटलं, मंगळाचा व्यास पृथ्वीच्या साधारण निम्मा आहे. त्याचा दिवस आपल्यापेक्षा थोडा मोठा. त्याला सूर्याभोवती एक फेरी मारायला आपली जवळजवळ दोन वर्षं लागतात. म्हातारी वाट बघत होती. आई पण बघत होती. मी म्हटलं, "मागे रांग फार आहे. पुढे चला, पुढे चला."

तिने माईक परत घेतला. माझ्याकडे बघितलंच नाही.

"मावशी, मला मंगळ आहे," ती त्या म्हातारीला म्हणाली. "कडक. आणि मी दहा दिवस इथे या लोकांत उभी आहे. माझ्यामुळे कोणाला काही झालं असेल तर आत्ता सांगा."

पँट-शर्टातला एक गृहस्थ, चांगला शिकलेला, आपल्या पोराचा हात धरून अर्धं पाऊल मागे सरकला. म्हातारी मात्र पुढे झाली, तिने त्या मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

माझी आई तिच्यासमोर आली होती. दोघींच्या मध्ये हातभर अंतर असेल, आणि ते मडकं गरगर फिरत होतं. आईने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काहीतरी बोलेन म्हणून ती थांबलीसुद्धा. मग तिने पदर सावरला आणि पुढच्या स्टँडवर जाऊन गुरूला हात जोडले. मी तिच्या मागोमाग गेलो.